तेलात प्लास्टिक उतरतं कुठून: घाण्यापासून बरणीपर्यंत काय बघायचं

खाद्यतेल आणि प्लास्टिक हा विषय निघाला की बहुतेकांचा हात आधी बाटलीकडे जातो. बाटली उलटी करायची, बुडाचा त्रिकोणातला आकडा वाचायचा, शंका आली की तेल काचेच्या बाटलीत ओतायचं आणि सुटलो म्हणायचं. पण पुष्कळदा यात चोर सोडून संन्याशाला सुळी दिली जाते. तेल तुमच्या बाटलीत येण्याआधी नळ्या, पंप, ड्रम, कॅन आणि नरसाळं यांतून फिरून आलेलं असतं. जे काही उतरायचं ते बहुतेक तिथेच उतरतं, आणि एकदा उतरलं की काचेची बाटली ते परत काढून देत नाही.

नुकतंच लाकडी घाण्याचं तेल घ्यायला लागलात, किंवा घरच्या तेलाची साठवण सुधारायची आहे, तर खालच्या क्रमाने जा. सगळं एकाच दिवशी करायची गरज नाही.

पायरी १: कोणतं प्लास्टिक काय करतं ते आधी समजून घ्या

पीव्हीसी हे मुळात कडक प्लास्टिक. बाथरूमच्या पाइपचं, खिडकीच्या चौकटीचं. त्याचीच लवचिक नळी करायची तर त्यात एक तेलकट द्रव मिसळावा लागतो. त्याला प्लास्टिसायझर म्हणतात आणि त्यातलं सगळ्यांत प्रसिद्ध कुटुंब थॅलेटचं. मऊ पीव्हीसीच्या वजनात हा द्रव सर्रास ३० ते ४० टक्के असतो. तो प्लास्टिकला रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, नुसता आत मुरलेला असतो. पाण्यात तो जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र आनंदाने विरघळतो. म्हणून जी नळी पाण्याला वर्षानुवर्षं चालते तीच तेलाला चालेल असं नाही.

थॅलेटमधला सर्वाधिक चर्चेतला प्रकार डीईएचपी. युरोपीय संघाने त्याला प्रजननक्षमतेला अपायकारक पदार्थांच्या वर्गात टाकलं आहे आणि तेलकट पदार्थांना लागणाऱ्या प्लास्टिकमध्ये प्लास्टिसायझर म्हणून तो वापरायला तिथे परवानगी नाही. तो शरीरात वर्षानुवर्षं साठत नाही, बराचसा दिवस-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातो. अडचण अशी की तो रोज नव्याने येत राहतो.

आता आकडे. १ म्हणजे पीईटी, तेलाची नेहमीची पारदर्शक बाटली. नावात ‘थॅलेट’ हा तुकडा असला तरी तिला मऊ करायला थॅलेट घालत नाहीत, आणि प्लास्टिकच्या बाबतीत बदनाम झालेलं दुसरं रसायन, बिस्फेनॉल-ए, तेही तिच्यात नसतं. २ म्हणजे एचडीपीई, पाच लिटरचा दुधट कॅन. ४ पातळ पॉलिथीन, तेलाच्या पिशवीचा आतला थर साधारण याच घराण्यातला. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, स्वयंपाकघरातले झाकणाचे डबे. या चौघांना मऊ करायला प्लास्टिसायझर लागत नाही. ३ म्हणजे पीव्हीसी, तेलाला लांबच ठेवा. ७ मध्ये ‘बाकी सगळे’ कोंबलेले असतात, त्यातच पाण्याच्या वीस लिटर जारचं पॉलिकार्बोनेट येतं. ते बिस्फेनॉल-एपासून बनतं, त्यामुळे जुना पाण्याचा जार तेलाला लावू नका.

गंमत अशी की ज्या वस्तूंवर लक्ष ठेवायला हवं त्यांच्यावर हा आकडा बहुधा नसतोच. नळीवर नसतो, पंपाच्या वॉशरवर नसतो, बरणीच्या झाकणातल्या रबरासारख्या चकतीवर नसतो.

पायरी २: घाण्यावर जा आणि नळी बघा

सगळ्यांत जास्त वेळ इथेच घालवा. गल्लोगल्ली लाकडी घाणे सुरू झाले आहेत आणि शेंगदाणा, करडई, तीळ, खोबरं डोळ्यांसमोर गाळून मिळतं. चांगलीच गोष्ट आहे. पण लाट, म्हणजे घाण्यात फिरून बी चिरडणारं मुसळ, लाकडाची आहे म्हणजे पुढचं सगळं लाकडाचं नसतं. घाण्यातून तेल खाली भांड्यात पडतं, तिथून टाकीत किंवा ड्रममध्ये जातं, दोन-तीन दिवस गाळ खाली बसू देतात, मग वरचं नितळ तेल काढून भरतात. हे काढणं कशाने होतं, ते बघायचं.

पुष्कळ ठिकाणी ड्रममध्ये एक पारदर्शक मऊ नळी सोडलेली दिसेल. ती हातात घ्यायला मिळाली तर दोन टोकं ताडून बघा. बाहेर राहिलेलं टोक मऊ, लवचिक, आणि तेलात बुडून राहिलेलं टोक पिवळट, ताठ, वाकवलं तर कडकड करणारं असेल, तर नळीचा मऊपणा कुठे गेला हे वेगळं सांगायला नको. नळी जुनी झाली म्हणून कडक होते असं दुकानदार म्हणेल. खरं आहे, पण ती कडक होते कारण आतला द्रव बाहेर पडतो, आणि बाहेर पडायला तिथे तेलाखेरीज दुसरं काही नसतं.

हिशेब करून बघा. मीटरभर नळीचं वजन २०० ग्रॅम धरलं तर त्यात ६० ते ८० ग्रॅम प्लास्टिसायझर. त्यातला फक्त एक ग्रॅम हजार किलो तेलात उतरला तर प्रत्येक किलोत एक मिलिग्रॅम झाला. म्हणजे नळी दिसायला धडधाकट असतानाच हे घडून गेलेलं असतं.

‘नळी फूडग्रेड आहे’ हे उत्तर मिळालं तर पुढचा प्रश्न विचारा: कशासाठी फूडग्रेड? पाणी, सरबत यांसाठी चालणाऱ्या पीव्हीसी नळ्याही फूडग्रेड म्हणून विकल्या जातात. तेलासाठी चालते असं नळी बनवणाऱ्याने लिहून दिलेलं असेल तरच त्या शब्दाला अर्थ. सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे नळीच नको: स्टीलची टाकी, गाळाच्या पातळीच्या थोडा वर बसवलेला स्टीलचा नळ, खाली भांडं. हा खर्च एकदाच होतो, आणि घाणेवाल्याला गिऱ्हाइकांना दाखवायलाही काहीतरी मिळतं.

नळीनंतर ड्रम. निळा एचडीपीई ड्रम दिसला की लगेच नाक मुरडू नका, पण त्यात आधी काय होतं ते विचारा. पॉलिथीन आधीच्या मालाचा वास आणि रसायन स्वतःत मुरवून घेतं आणि नंतर तेलाला परत देतं. रसायनाचा, रंगाचा, औषध फवारणीचा ड्रम कितीही साबणाने घासला तरी तेलाला अयोग्यच. त्याचप्रमाणे तेल भरणाऱ्याच्या हातातल्या पातळ पारदर्शक मोज्यांकडे नजर टाका. जपानमध्ये २००० च्या सुमारास तयार जेवणाच्या डब्यांत डीईएचपी सापडलं. माग काढल्यावर ते पीव्हीसीच्या हातमोज्यांतून, त्यांवर मारलेल्या अल्कोहोलच्या फवाऱ्यामुळे अन्नात गेल्याचं दिसलं, आणि तिथल्या आरोग्य खात्याने असे मोजे अन्नाला वापरू नका असं बजावलं. स्वच्छतेसाठी घातलेल्या मोज्यांनीच घात केला.

नळ्यांचीच दुसरी गोष्ट चीनची. नोव्हेंबर २०१२ मध्ये तिथल्या एका नावाजलेल्या मद्यात थॅलेट सापडल्याचा गाजावाजा झाला. बाटल्या काचेच्या होत्या. संशयाची सुई गेली ती कारखान्यातल्या प्लास्टिकच्या नळ्या, पिंपं आणि सील यांच्याकडे.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. ‘कच्च्या घाण्याचं म्हणजे रसायनमुक्त’ हे या बाबतीत खरं नाही. रिफायनरीत तेलाचा वास काढताना निर्वात टाकीत २०० अंशांच्या वर तापवून त्यातून वाफ सोडतात, तेव्हा हलके थॅलेट बऱ्यापैकी निघून जातात, जड थॅलेट काही अंशी. घाण्याच्या तेलावर अशी कोणतीच प्रक्रिया होत नाही. जे बियांच्या पोत्यातून, नळीतून, ड्रममधून आलं ते तसंच राहतं. याचा अर्थ रिफाइंड घ्या असा मुळीच नाही; रिफाइंड तेलही नंतर टँकर, होस आणि पॅकिंगच्या यंत्रातून जातंच. अर्थ इतकाच, की घाण्याचं तेल घेताना घाणेवाल्याच्या सवयी जास्त महत्त्वाच्या.

विचारताना उलटतपासणी केल्यासारखं विचारू नका. ‘काका, गाळ बसल्यावर तेल कशाने काढता, जरा दाखवता का?’ एवढं पुरतं. दाखवायला जो तयार असतो त्याच्याकडे बहुधा दाखवण्यासारखं असतं.

पायरी ३: भांडं आपलं न्या

स्टीलची कडीची किटली किंवा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा सर्वांत उत्तम. भांडं पूर्ण कोरडं असावं, पाण्याच्या थेंबाने तेल लवकर खवट होतं. शीतपेयाची धुतलेली बाटली एक-दोन दिवसांच्या वाहतुकीपुरती चालवून घेता येईल, साठवणीला नको. कीटकनाशकाचा, फिनेलचा, रंगाचा कॅन कधीच नाही, मग तो कितीही ‘स्वच्छ धुतलेला’ असो.

नरसाळंही स्टीलचं. प्लास्टिकच्या नरसाळ्याचा तेलाशी संबंध काही सेकंदांचाच येतो, त्यामुळे त्याची फार धास्ती नको. पण शंभराच्या आत स्टीलचं मिळतं, तर घेऊन टाका.

पायरी ४: पॅकबंद तेल घेताना

आपल्याकडे तेल पॅकबंद विकायची सक्ती का आली हे आठवण्यासारखं आहे. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांची भेसळ झाली, जलोदरासारखी सूज येऊन साठाहून अधिक माणसं दगावली, आणि त्याच वर्षी खाद्यतेलाच्या पॅकिंगचा आदेश निघाला. तेव्हा प्लास्टिकच्या भीतीपोटी नाक्यावरचं बिननावाचं सुटं तेल घ्यायला जाल तर आगीतून फुफाट्यात पडाल. पिशवीत प्लास्टिक आहे, पण पिशवीवर कुणाचं तरी नाव, परवाना क्रमांक आणि तारीखही आहे.

भारतात अन्नाच्या प्लास्टिक वेष्टनातून एकूण किती पदार्थ अन्नात उतरलेला चालेल याची मर्यादा एक किलोमागे ६० मिलिग्रॅम, किंवा वेष्टनाच्या दर चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम अशी आहे. ही सगळ्या पदार्थांची मिळून बेरीज आहे, एकट्या थॅलेटची नव्हे. या दोन आकड्यांचा संबंध सोपा आहे: दहा सेंटिमीटर बाजूच्या घनाचं पृष्ठफळ सहा चौरस डेसिमीटर असतं आणि त्यात साधारण किलोभर माल मावतो. पुडी जितकी लहान तितका दर किलोमागे प्लास्टिकचा स्पर्श जास्त. म्हणून रोजच्या वापराला छोट्या पुड्यांपेक्षा एक लिटर, आणि घर मोठं असेल तर पाच लिटर.

दुकानात तीन गोष्टी बघा. पॅकिंगची तारीख ताजी असावी, कारण तेल जितके महिने प्लास्टिकला टेकून राहील तितकं उतरण वाढतं. माल उन्हात रचलेला नसावा. दुकानाबाहेर फुटपाथवर ऊन खात पडलेले खोके असतील तर दुसरं दुकान बघा. आणि पंधरा किलोचा पत्र्याचा डबा घेत असाल तर तो नवा कोरा असल्याची खात्री करा. झाकणाजवळ पुन्हा डाग दिल्याच्या खुणा, चेमटलेले कोपरे, जुन्या लेबलावर चिकटवलेलं नवं लेबल दिसलं तर घेऊ नका. एकदा वापरलेला पत्र्याचा डबा पुन्हा खाद्यतेल भरायला वापरायची नियमानुसार मनाई आहे. घरी रिकामा झालेला डबा ज्वारी-गव्हाला खुशाल वापरा.

पायरी ५: घरी आल्यावर

पिशवी किंवा बाटली फोडली की तेल स्टीलच्या डब्यात किंवा गडद काचेच्या बाटलीत काढा. शेगडीजवळ रोज हाताशी लागतं तेवढंच कावळ्यात, म्हणजे तेलाच्या चोचीच्या भांड्यात, ठेवा, बाकीचा साठा शेगडीपासून दूर, खालच्या कपाटात. गॅसच्या ओट्यावर, कढईपासून हातभर अंतरावर उभी केलेली प्लास्टिकची बाटली दिवसातून दोन-तीनदा शेकून निघते. उष्णता वाढली की उतरण वाढते.

चिनीमातीची जुनी बरणी असेल तर छानच, फक्त आतल्या लुकणाला, म्हणजे चकचकीत थराला, तडा गेलेला नको.

झाकण उघडून आत बघा. फिरवून बसवायच्या पत्र्याच्या झाकणात काठाला जी मऊ गोल पट्टी असते ती बहुधा पीव्हीसीचीच असते, आणि तिच्यातही प्लास्टिसायझर असतो. बरणी उभी ठेवली आणि तेल झाकणाला टेकलं नाही तर फारसं बिघडत नाही. म्हणून बरण्या आडव्या ठेवू नका आणि तेल काठोकाठ भरू नका.

लोणच्याला हाच नियम जरा कडक लावा, कारण तिथे तेल, मीठ, आंबटपणा आणि वर्षभराचा सहवास असं सगळंच एकत्र येतं. फोडणी पूर्ण गार झाल्यावरच ओतायची हे आज्या सांगतच आल्या आहेत; लोणचं टिकावं म्हणून त्या सांगायच्या, पण प्लास्टिकच्या बरणीच्या बाबतीत ते दुप्पट खरं आहे. शक्यतो बरणी काचेची किंवा चिनीमातीची, आणि वर दोन बोटं मोकळी जागा.

पायरी ६: गरम तेल आणि प्लास्टिक यांची गाठ पडू देऊ नका

बाकी सगळं राहिलं तरी चालेल, ही पायरी सोडू नका.

तळणीचं तेल १७० ते १८० अंशांवर असतं. पीईटी ७५ अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं, पॉलिथीन ११०-१३० च्या दरम्यान वितळतं. पुऱ्या तळून उरलेलं तेल कोमट असतानाच प्लास्टिकच्या बाटलीत ओतणं, गरम कढईत प्लास्टिकचा झारा टेकवून ठेवणं, तेलकट रस्सा प्लास्टिकच्या डब्यात मायक्रोवेव्हमध्ये ठेवणं, या घरोघरच्या सवयी. मायक्रोवेव्हमध्ये पाणी शंभर अंशांवर थांबतं, तेलाचा तवंग त्याच्या पुढे जाऊ शकतो. तवंगाच्या रेषेवर डबा खरबरीत झालेला दिसतो तो याचमुळे. तसा डबा आता फक्त खिळे-स्क्रू ठेवायला.

तळणीच्या गाडीवर तेलाची सीलबंद पिशवीच कढईतल्या गरम तेलात बुडवून फोडतात असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. अशा गाडीवर भजी खाऊ नयेत, यापलीकडे त्यावर काय लिहिणार.

आणि हो, उतरलेलं रसायन घरी काढता येत नाही. फडक्याने गाळून मायक्रोप्लास्टिकचे मोठे कण कदाचित अडतील, विरघळलेला थॅलेट अडत नाही. तापवूनही जात नाही: डीईएचपीचा उत्कलनबिंदू ३८० अंशांच्या वर आहे, त्याच्या कितीतरी आधी तेल जळून धूर काढेल.

पायरी ७: किती घाबरायचं, ते मोजून ठरवा

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये चार थॅलेटची मिळून रोजची सहन होण्याजोगी मात्रा ठरवली: शरीराच्या दर किलो वजनामागे ०.०५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ३ मिलिग्रॅम. तेलाच्या एका किलोत १ मिलिग्रॅम थॅलेट आहे आणि तुम्ही रोज ३० ग्रॅम तेल खाता असं धरा. पोटात गेलं ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेचा एक टक्का. दहा किलोच्या मुलाने त्यातलं १५ ग्रॅम तेल खाल्लं तर तीन टक्के.

म्हणजे आज रात्री घरातलं सगळं तेल ओतून द्यायची वेळ आलेली नाही. पण हा एकट्या तेलाचा वाटा झाला. दूध, चीज, पॅकबंद खाऊ, घरातली धूळ, सुगंधी प्रसाधनं यांतूनही तेच थॅलेट येत असतात. शिवाय वाईट सवयींच्या घाण्यावरच्या तेलात किलोमागे एकच मिलिग्रॅम असेल असं कुणी लिहून दिलेलं नाही. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर वरच्या पायऱ्या आधी पाळा, बाकीच्यांनी सवडीने.

पायरी ८: तपासणी करायचीच असेल तर

पाण्यात थेंब टाकून, फ्रिजमध्ये गोठवून, वास घेऊन थॅलेट कळत नाही. तशा घरगुती चाचण्या सांगणारे व्हिडिओ बिनधास्त पुढे ढकला. हे काम प्रयोगशाळेचं आणि जीसी-एमएस नावाच्या यंत्राचं. प्रयोगशाळा एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या मान्यतेची हवी. तेवढ्यावर न थांबता ‘खाद्यतेलातील थॅलेट’ ही चाचणी त्यांच्या मान्यतेच्या यादीत आहे का तेही विचारा. खर्च बराच येतो, तेव्हा सोसायटीतली चार-सहा घरं मिळून करा.

नमुना घेताना घोळ होतो तो इथे: प्लास्टिकच्या बाटलीत नमुना नेला तर निकालाला काही किंमत उरत नाही, सापडलेला थॅलेट बाटलीचा की तेलाचा ते कळणारच नाही. काचेची स्वच्छ कोरडी बाटली, झाकणाच्या आत अॅल्युमिनियम फॉइल, हातात मोजे नाहीत, नरसाळं स्टीलचं. नमुना किती लागेल ते प्रयोगशाळेलाच विचारा.

सरकारी मार्गही आहे. अन्नसुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहक स्वतः विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. विकत घेतानाच तसा इरादा विक्रेत्याला सांगावा लागतो. पुन्हा भरलेले डबे, बिनलेबलचं तेल अशा गोष्टींची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते, आणि त्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल लागत नाही. फोटो आणि पावती जपून ठेवा.

घाणेवाला समजूतदार असेल तर तक्रारीपेक्षा त्याला सोबत घेऊन दोन नमुने काढा: एक घाण्याच्या मुखातून थेट काचेच्या बाटलीत, दुसरा त्याच घाण्याचा, गाळ बसून नळीतून आलेला. दोन्ही एकाच वेळी एकाच प्रयोगशाळेला द्या. पहिल्यात कमी आणि दुसऱ्यात जास्त निघालं तर बिया आणि लाट निर्दोष, नळी किंवा ड्रम बदलायचा. दोन्हींत सारखंच निघालं तर मागे जाऊन बियांची पोती कुठून येतात ते विचारायचं.